ट्रंकेतलं भाकरीयंत्र

माझ्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे आमच्या अक्का, चांगली वस्तू कधी वापरत नाहीत. वस्तू चांगली असली की ती जपायची, आणि जपायची म्हणजे ट्रंकेत ठेवायची. लेकीनं आणलेली इरकल ट्रंकेत, नातवानं आणलेली उबदार शाल ट्रंकेत, आणि अक्का थंडीत जुन्या लुगड्याची वाकळ पांघरून बसलेल्या. यावरून मी त्यांची खूप चेष्टा केली आहे. आता करवत नाही.

संधिवातानं आधी मला गाठलं. मी तुळजापुरात राहते, अक्का तामलवाडीला शेतातल्या घरी. सोलापूरच्या डॉक्टरांनी मला स्पष्टच सांगितलं, दुखणं मुळापासून जायचं नाही, पण बोटांवरचा भार कमी केलात तर ती जास्त दिवस साथ देतील. मग मी घराचा कायापालट केला. पिळायचे नळ काढून लांब दांडीचे बसवले, कोपरानं ढकललं तरी पाणी येतं. उलथनं, चाकू, दात घासायचा ब्रश, सगळ्यांच्या मुठींना सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून त्या जाड केल्या. बरण्यांची झाकणं फिरवायला रबराचा तुकडा, ओट्याशी उंच स्टूल, खाली पडलेलं उचलायला लांब चिमटा. आमचे हे म्हणायचे, "घर आहे का गॅरेज?" आणि माझी पाठ वळली की त्याच चिमट्यानं पेपर उचलायचे.

सगळ्यात कामाचं निघालं ते भाकरीयंत्र. दोन लाकडी फळ्या बिजागरीनं जोडलेल्या, मध्ये पिठाचा गोळा ठेवायचा आणि वरचा दांडा दाबायचा. ज्वारीची भाकरी थापायची म्हणजे पीठ रगडून मळण्यापासून बोटांचाच खेळ. यंत्रानं निदान थापणं तरी वाचलं. भाकरी हातच्यासारखी होत नाही, हे मी कबूल करते. पण होते.

पुढं अक्कांची बोटं सुजायला लागली तेव्हा मला काय करायचं ते ठाऊक होतं. नळ, जाड मुठीचा चाकू, चिमटा आणि कोरं करकरीत भाकरीयंत्र घेऊन मी तामलवाडीला गेले. अक्कांनी यंत्रावरून हात फिरवला. "लई झाक हाय गं," म्हणाल्या, आणि लगेच त्याला हळदकुंकू लावलं.

पुढच्या खेपेला बघते तर अक्का काटवटीत पीठ मळून भाकरी थापत बसलेल्या.

"अक्का, यंत्र कुठं आहे?"

"हाय की ट्रंकंत. रोजच्या धबडग्यात मोडलं मंजी? पावणं आल्यावर काढू."

पाहुणे आले. तेव्हाही अक्का थापतच होत्या, कारण पाहुण्यांना यंत्राची भाकरी वाढणं त्यांना बरं दिसेना. रोजच्यासाठी यंत्र फार चांगलं आणि पाहुण्यांसाठी पुरेसं चांगलं नाही. मग ते निघायचं कधी? तर खंडेनवमीला. कोयता, खुरपं, विळा यांच्या रांगेत यंत्र मांडलेलं, त्यावर झेंडूचं फूल. पूजा झाली की परत फडक्यात, परत ट्रंकेत.

मी चिडले. "अक्का, हे पुजायला नाही आणलं. राबवायला आणलंय."

"व्हय गं, वापरते की," त्या म्हणाल्या, आणि माझ्यासाठी चहा टाकायला उठल्या.

त्या घरात वापरला गेला तो फक्त नळ, कारण तो भिंतीतून उपटून ट्रंकेत ठेवता येत नव्हता. हे माझ्या डोळ्यांसमोर होतं, तरी मला उमगलं नाही. यंत्र ओट्याला ठोकून आणि काटवट उचलून घेऊन मी तुळजापूरची एसटी धरायला हवी होती. चार दिवस बोलल्या असत्या, मग वापरलं असतं. पण थोरल्या जावेच्या चुलीपुढची काटवट धाकटीनं उचलायची नसते, ही आमची रीत. ती मी पाळली, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. दर खेपेला त्यांची बोटं करंगळीच्या बाजूला थोडी अधिक झुकलेली दिसायची.

यंदाच्या येळवसेला आम्ही तामलवाडीला होतो. मार्गशीर्ष अमावस्येला आमच्याकडं सगळं घर शेतात जातं, कडब्याच्या कोपीत, म्हणजे छोट्या खोपटात, पांडवांची पूजा होते आणि भज्जी, उंडे, आंबील घेऊन सगळे रानातच जेवतात. त्या दिवशीच्या भाकरी अक्कांनीच करायच्या, हे भावकीत ठरलेलं. सकाळी त्या चुलीपुढं खुर्चीवर बसल्या आणि सुनेला म्हणाल्या, "ट्रंकंतलं काढ गं ते. आज चांगला दिस हाय."

यंत्र स्टुलावर ठेवलं. सुनेनं गोळा मध्ये ठेवला. अक्कांनी दांड्यावर हात ठेवला, पण बोटं त्याच्याभोवती वळेनात. दोन्ही हातांनी दाबून बघितलं. दांडा अर्ध्यात आला आणि मनगटानं दगा दिला. मी पुढं झाले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे." बाहेर टोपल्या भरून माणसं ताटकळली होती. सुनेनं काटवट ओढली आणि भराभरा भाकरी थापल्या. अक्का तिच्या हातांकडं बघत बसल्या.

संध्याकाळी निघताना त्यांनी यंत्र फडक्यासकट माझ्या पिशवीत घालायला लावलं.

"हे तू घिऊन जा. तुझं हात अजून हायती."

"अक्का, सूनबाईला असू दे."

"तिला काय करायचंय, तिचं हात धड हायती. तू ने. आन् ट्रंकंत ठिवू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझं जुनं यंत्र बाजूला सारलं आणि अक्कांचं ओट्यावर घेतलं. दांड्याच्या खाचेत इतक्या खंडेनवम्यांची हळद बसली होती, ती माझ्या हाताला लागली. गोळा ठेवला, कोपराचा भार दिला. दांडा लोण्यातून जावा तसा खाली गेला. भाकरी तव्यावर टम्म फुगली आणि मला तिथंच रडू फुटलं. एवढं सोपं काम त्या ट्रंकेत पडून होतं.