चाळीस जणांचा एकच दम

माझ्या दिराला कारखान्यात सगळे भाता म्हणायचे. लोहाराच्या भात्यासारखी छाती. तो आणि माझा नवरा, दोघं भाऊ तिथं दगडाची पूड करायचे. घरी येताना दाराबाहेर कपडे झटकायचे, तरी आमच्या पाण्याच्या पिंपावर पांढरा थर बसायचाच.

दर दोन वर्षांनी कंपनीचे डॉक्टर श्वास मोजायचं यंत्र आणायचे. नळीत फुंकायचं, येईल तो आकडा नावापुढे. आकडा कमी आला की माणूस अनफिट, म्हणजे घरी. म्हणून खोकणाऱ्यांनी शक्कल काढली. सगळे डोक्यापासून पायापर्यंत पांढरे, कोण कुठला कळायचं नाही. भाता पुन्हापुन्हा रांगेत उभा राहायचा आणि एकेकाच्या नावानं फुंकायचा, माझ्या नवऱ्याच्याही. डॉक्टर मान वर करत नसत. कशाला करतील? रजिस्टरात आजारी शून्य, साहेब खूश. एकदा हसून म्हणाले, "तुमचे आकडे सख्ख्या भावांसारखे दिसतात रे." मेल्याला सगळं ठाऊक होतं. त्या हसण्याची मला अजून शिसारी येते.

मी तरी कुठली शहाणी? भाता फुंकून आला की त्याला गरम दूध द्यायचे. म्हणायचे, "भाऊजी, तुमच्यामुळे घर चाललंय." आता स्वतःचीही किळस वाटते.

गेल्या वर्षी नवऱ्यानं अंथरूण धरलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो बघून सांगितलं, "छातीत दगडाची धूळ आहे. कामाचा आजार म्हणून नोंद करून घ्या. मग औषध, ऑक्सिजन सगळं कारखान्यानं द्यायचं."

अर्ज घेऊन मी आणि भाता गेलो. कंपनीच्या डॉक्टरांनी फाईल उघडली. तीन तपासण्या, तिन्ही आकडे पैलवानाचे. "आमच्याकडे तर ठणठणीत होता. विडीबिडी ओढत असेल."

भाता म्हणाला, "ते आकडे माझे आहेत. दादाच्या नावानं मीच फुंकलोय. चाळीस जणांच्या नावानं फुंकलोय. माझी नोकरी घ्या, पण त्याची नोंद करा."

डॉक्टरांनी यंत्र पुढं सरकवलं. "फुंकून दाखव. जुळतो का बघू."

भात्यानं नळी तोंडात धरली. तीनदा फुंकलं, तीनदा खोकल्याची उबळ आली. आकडा जुन्याच्या निम्मासुद्धा नाही. जिना चढताना त्यालाही धाप लागते, हे त्यानं आम्हाला वर्षभर कळू दिलं नव्हतं.

"हात दाखवून अवलक्षण," डॉक्टर म्हणाले. अर्जावर लिहिलं, आकडा जुळत नाही, सांगणारा खोटा. आणि भात्याच्या नावापुढे अनफिट.

"मग याची तरी नोंद करा," मी म्हटलं.

"कशाची? कामानं माणसं आजारी पडत असती, तर चाळिसात एक तरी पडला असता ना, बाई." त्यांनी रजिस्टर माझ्यापुढं धरलं. पानोपानी शून्य. सगळी भात्याच्या दमावर मिळवलेली.

मी गेटबाहेर येऊन थुंकले. तिथं एक कामगार खोकत आमचीच वाट बघत होता. भात्याला बाजूला घेऊन म्हणाला, "पुढच्या महिन्यात यंत्र येतंय. माझं तेवढं बघशील ना?"

"तुझं तूच फुंक," भाता म्हणाला. "येईल तेवढंच लिहू देत."