अहो की ओढा

भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या घरात नुसते कानच होते, भिंत अशी नव्हतीच. एका लांबलचक खोलीच्या मधोमध फळ्या ठोकून दोन बिऱ्हाडं केलेली. अलीकडे आम्ही, पलीकडे माझे दीर आणि धाकटी जाऊ. फळ्या दिरांनीच ठोकलेल्या. लोकांच्या होड्यांत थेंबभर पाणी शिरू न देणारा सुतार, पण घरच्या फळ्यांत बोट जाईल एवढ्या फटी.

त्या दुपारी मी शर्टाला बटणं लावत बसले होते. दोन बटणं ओठांत धरलेली. भांडण ऐकायला मी गेले नाही, भांडणच फटीतून माझ्याकडे आलं.

धाकटी म्हणत होती, "घरात माझ्या शब्दाला वजन नाही, आणि होडीत मात्र माझंच वजन पाहिजे."

"होडीत वजन लागतंच," भाऊजी म्हणाले. "मला हाडं मिळाली, मांस द्यायचं राहून गेलं. त्याला मी काय करू?"

"मग एकदा सुकाणू माझ्या हातात द्या. शर्यतीत. तेही जोराचा वारा असताना, पाणी ताटासारखं पडलेलं असताना नाही."

"आणि मी काय करायचं?"

"लटका."

बटणं गिळायची राहिली एवढंच. हसू दाबता दाबता खोकला आला, आणि पलीकडचं बोलणं एकदम थांबलं. मग भाऊजींनी फळीवर टकटक केलं आणि म्हणाले, वहिनी, तुम्हीच सांगा आता. मी म्हटलं, मी काही ऐकलंच नाही. घरात राहायचं तर एवढं खोटं बोलावंच लागतं.

हे भांडण त्या दोघांत दरवर्षी व्हायचं, मोठ्या शर्यतीच्या आधी आठवडाभर. त्यामुळे होडीचं आधी सांगते, म्हणजे ते कशावरून होतं ते कळेल.

आमच्या गल्लीच्या टोकाला बंदर, आणि बंदराच्या कडेला होड्यांचा क्लब. तिथे छोट्या जुळ्या होड्यांच्या शर्यती होतात. क्लबातले लोक अशा होडीला कॅटामरान म्हणतात, आम्ही नुसतं जुळी म्हणायचो. दोन अरुंद, लांब होडक्या शेजारी शेजारी, मधे खाटेसारखं ताणलेलं जाड कापड, आणि वर एक उंच डोलकाठी. चालवायला माणसं दोन. एकानं सुकाणू आणि मोठ्या शिडाचा दोर धरायचा. दोर ओढला की शिडात वारा भरतो, सोडला की निसटून जातो. दुसऱ्यानं कमरेला रुंद पट्टा बांधून त्याच्या आकड्यात डोलकाठीवरून आलेली तार अडकवायची, पाय होडीच्या काठाला टेकायचे आणि पाठ पाण्याकडे करून आडवं व्हायचं. वारा होडीला एका बाजूला पाडायला बघतो आणि हे लटकलेलं माणूस दुसऱ्या बाजूला ओढून धरतं. लटकणारा जितका जड तितकी होडी सरळ. भाऊजींना बंदरावर सगळे काडीसुतार म्हणायचे, यावरून काय ते समजा. धाकटी भरल्या अंगाची. म्हणून नऊ वर्षं ती दोरीवर वाळत घातलेल्या चादरीसारखी पाण्यावर लटकत होती आणि भाऊजी सुकाणू धरून शहाणपणा करत होते.

बरं, वाऱ्यातलं तिला भाऊजींपेक्षा कमी कळत होतं असंही नाही. ती शिडं शिवायची. होड्यांच्या कारखान्याच्या माळ्यावर मोठी लाकडी जमीन होती, आरशासारखी गुळगुळीत, कारण शीड तिच्यावर पसरून गुडघ्यांवर सरकत काम करायचं. शिवणयंत्र जमिनीत खड्डा करून बसवलेलं, म्हणजे कापड सपाट राहतं. कोपऱ्यातली जाड शिवण हातानं, तळहातावर चामड्याचा पट्टा बांधून, मेण लावलेल्या दोऱ्यानं. फाटलेलं शीड बघूनच ती सांगायची की ह्या माणसानं दोर सोडायला उशीर केला, किंवा हा वळताना घाबरतो. कोणाच्या नवऱ्याचे सदरे कुठे विरतात हे बायकोला कळतं ना, तसं तिला बंदरावरच्या प्रत्येकाचं कळायचं. घरी येऊन मला सांगायची आणि आम्ही दोघी हसायचो. पण पाण्यावर गेलं की ती खाली मान घालून लटकायची. वरून भाऊजींचं ठरलेलं, बोलायचं काम माझं, लटकायचं तुझं.

लग्नाच्या दहाव्या वर्षी शनिवार-रविवारची ती शर्यत आली. शनिवारी सकाळपासून वारा असा की क्लबासमोरच्या खुर्च्या आपोआप चालायला लागल्या. मी नेहमीप्रमाणे कोरडे कपडे आणि चहाचा थर्मास घेऊन धक्क्यावर. झेंडे चढवून शर्यत सुरू करणारे एक गृहस्थ होते, त्यांना आम्ही झेंडेवाले म्हणायचो. त्यांनी झेंडा खाली घेतला आणि पंधरा जुळ्या सुटल्या.

अर्धी शर्यत होईतो आमचे तिसरे होते. मग काय झालं ते मला धक्क्यावरून नुसतं दिसलं. होडीची एक बाजू वर उठली, आणखी उठली, धाकटी हवेत एक गिरकी घेऊन डोलकाठीच्या पुढे गेली आणि शीड पाण्यावर सपाट पडलं. माझ्या हातातून थर्मासचं झाकण पडलं ते पाण्यातच गेलं.

दोघांची डोकी लगेच दिसली, तेव्हा जीव भांड्यात पडला. उलटलेली जुळी सरळ करायला खालच्या होडकीवर उभं राहून दोर धरून मागे रेलावं लागतं. आधी भाऊजी एकटेच रेलले. होडीला कळलंसुद्धा नाही की कोणी दोर ओढतंय. मग धाकटी पोहत आली, वर चढली, भाऊजींच्या कमरेला धरून मागे झाली, आणि डोलकाठी पाण्यातून अशी उठली की धक्क्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शेवटून पहिले आले. किनाऱ्याला लागले तेच भांडत.

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला दोर ओढायला? समोरून वाऱ्याचा झोत येत होता, पाणी काळं झालेलं दिसत नव्हतं?"

"तूच तर म्हणालीस, ओढा."

"मी? मी म्हणाले, अहो."

भाऊजी थांबले. पाण्यानं ओला झालेला सदरा अंगाला चिकटून त्यांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा दिसत होत्या.

"अहो?"

"अहो. तुम्हाला हाक मारली. झोत येतोय, दोर सोडा, असं सांगायचं होतं मला."

वाऱ्यात अहोचं ओढा झालं होतं. झेंडेवाले एवढे हसले की त्यांना शिट्टी वाजवता येईना. होड्या ओढणारे, चहावाला, सगळे एकमेकांना सांगायला लागले. कोणीतरी म्हणालं, नाव घेऊन हाक मारली असती तर तिसरे आले असते. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत, मग ते बुडो की तरो. धाकटी लाल झाली होती, थंडीनं की रागानं कोण जाणे. मी तिच्या खांद्यावर टॉवेल टाकला.

मग भाऊजी जे म्हणाले ते इतर कोणी ऐकलं नसेल. मी ऐकलं, कारण मी सदरा द्यायला जवळ गेले होते. ते हळूच म्हणाले, "मी विचारच केला नाही गं. तू म्हणालीस, मी ओढलं."

धाकटीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढचं भांडण तोंडातच राहिलं. नऊ वर्षं जी बाई म्हणत होती माझ्या शब्दाला वजन नाही, तिच्या एका शब्दानं अख्खी होडी उलटी झाली होती, आणि तो शब्दसुद्धा तिनं उच्चारलेला नव्हता.

संध्याकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात आली.  मी भांडी विसळत होते, तिनं फडकं घेतलं आणि एकच ताटली पुसत बसली. मला वाटलं आता नवऱ्याची गाऱ्हाणी येणार. पण ती म्हणाली, "जाऊबाई, ते ऐकत नाहीत असं मी म्हणत होते. ऐकत होते हो. मीच धड बोलत नव्हते."

मी म्हटलं, तू? तुझं बोलणं मी फळीपलीकडून दहा वर्षं ऐकतेय, अजून एकदा तरी कमी पडलेलं नाही.

"ते भांडताना. पाण्यावर मी काय बोलते? अहो. आणि मग वाट बघते, ते माझ्याकडे वळून बघतील, काय म्हणून विचारतील, मग मी सांगेन. तेवढा वेळ वारा थांबतो का? सुकाणूचंही तेच केलं. एकदा द्या ना, एकदा द्या ना. मागितलं ते कोणीही उद्यावर टाकतं."

 मीसुद्धा आमच्या ह्यांना जन्मभर अहो म्हणत आले आणि पुढचं वाक्य बरेचदा मनातच ठेवलं. कुठे वाद घालायचा म्हणून. तेव्हा ते शहाणपण वाटायचं. त्या संध्याकाळी भांडी विसळताना तसं काही वाटलं नाही.

रविवारी वारा आदल्या दिवसापेक्षा जास्त. पंधरातल्या सहा जणांनी होड्या पाण्यात उतरवल्याच नाहीत. भाऊजी किनाऱ्यावर दोर तपासत होते. धाकटी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. अहो नाही, काही नाही.

"आज सुकाणू मी धरणार."

"ह्या वाऱ्यात?"

"ह्याच वाऱ्यात."

"मी तुझ्याएवढा जड नाही. होडी सरळ ठेवायला तुला दोर सारखा सोडावा लागेल. मागे पडू."

"सोडीन. मला दोर सोडायची लाज वाटत नाही, तुम्हाला वाटते. सगळ्यांची शिडं मी शिवते, मला माहीत आहे."

 भाऊजी हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. खाली वाकले, तिचा कमरेचा पट्टा उचलला आणि स्वतःला बांधायला लागले. तो त्यांना दोनदा गुंडाळून उरत होता. शेवटी सुतळीनं आवळला. मग तारेची कडी आपल्या उंचीला बसवून घेतली. आमच्या घरात पुरुष असेच हो म्हणतात.

धक्क्यावरून मला दिसत होतं, भाऊजी तारेला लटकलेले, वाऱ्यानं दोरीवरच्या मोज्यासारखे हलताहेत. आणि ती मात्र काठावर बसलेली, एका हातात सुकाणू, दुसऱ्यात दोर. झोत आला की सोडायची, गेला की ओढायची. कणीक मळताना हात कसा चालतो तसा तिचा हात चालत होता. पहिल्या फेरीत ते शेवटून दुसरे होते. दुसऱ्या फेरीत पुढचे दोघे उलटले, मग आणखी एक, मग एकाची डोलकाठी मोडली. उलटलेल्यांतल्या एकाचं शीड तिनं त्याच महिन्यात शिवून दिलं होतं. उशिरा दोर सोडणारा म्हणून ज्याला आम्ही हसलो होतो तोच तो.

वळणाच्या तरंगत्या पिंपाजवळ भाऊजींनी तारेवरून हाक मारली म्हणे, "अगं!" आणि ती मागे न बघता ओरडली, "अगं काय? काय करू ते सांगा!" हे भाऊजींनीच मला नंतर सांगितलं. सांगताना एवढे हसले की चहा सांडला. मग म्हणाले, वहिनी, मला सांगायचंच काही नव्हतं. नुसतं भ्यायला झालं होतं.

चौथे आले. चौथ्याला काही देत नाहीत. झेंडेवाल्यांच्या वहीत सुकाणूवर कोण आणि तारेवर कोण ते लिहायचं असतं. सवयीनं त्यांनी सुकाणूवर भाऊजींचं नाव लिहिलं आणि तारेवर तिचं, मग भाऊजींनी पेन्सिल घेऊन खोडून बरोबर केलं. ती त्या वेळी केस पिळत उभी होती. तिनं ते बघितलं आणि दुसरीकडे बघितल्यासारखं केलं.

तेव्हापासून जोराच्या वाऱ्यात ती, मंद वाऱ्यात भाऊजी, असं ठरून गेलं. न बोलता ठरलं. तिचं बोलणं मात्र बदललं. कमी झालं नाही, पण प्रस्तावना गेली. माळ्यावर कोणी जुनं शीड घेऊन आला की तोंडावर सांगायची, हे संपलं, टाका. कारखान्याच्या मालकाला ते आवडायचं नाही. पण तिनं चालेल म्हटलेलं शीड कधी पाण्यावर फाटलं नाही, त्यामुळे तो गप्प बसायचा. मग हळूहळू लोक तिला शिडांखेरीज वारा-पाण्याचंही विचारायला लागले. शर्यतीच्या सकाळी ती शिवलेली शिडं क्लबात पोचवायला जायची, तेव्हा झेंडेवाले सहज म्हणून विचारायचे, काय वाटतं? ती धक्क्याच्या टोकाला जाऊन पाण्याकडे बघायची. घाई नाही. मग सांगायची. एकदा सगळ्यांना थांबवा म्हणाली आणि पाणी दिवसभर शांत राहिलं. लोकांनी चेष्टा केली. ती म्हणाली, चुकले, आणि पुढच्या शर्यतीला पुन्हा जाऊन उभी राहिली. चुकल्यावर गप्प बसायचं नाही, हे तिचं मला फार मोठं वाटतं. मला ते जमलं नाही कधी.

भाऊजी गेल्याला आता अकरा वर्षं झाली. होडी विकली नाही, क्लबाला दिली, शिकणाऱ्या मुली ती चालवतात. धाकटीचे गुडघे त्या गुळगुळीत जमिनीवर सरकून सरकून गेले. पण हातानं शिवायचं काम ती घरी आणायची. मधल्या फळ्या आम्ही दोघींनी कधीच काढून टाकल्या होत्या. आता कोणाचं काय ऐकू नये असं राहिलंच नव्हतं.

ती गेली ती सोमवारी, खुर्चीत बसल्या बसल्या, हातात सुई नव्हती एवढंच बरं. त्याच्या आधीच्या शनिवारी शर्यत होती. ती सकाळी सातला निघाली, एक छोटं शीड पिशवीत घालून खांद्याला. मी म्हटलं, पोराला पाठव कोणालातरी. ती म्हणाली, शीड पोचवेल तो, पाणी कोण बघणार? मग मीही चप्पल घातली आणि बरोबर गेले, हळूहळू, एकमेकींच्या आधारानं.

क्लबात तिनं शीड उलगडून ज्याचं होतं त्याला शिवण दाखवली, इथून पुढे दोर लवकर सोडत जा म्हणून सांगितलं. मग धक्क्याच्या टोकाला गेली. झेंडेवाले जुने नाहीत आता, त्यांच्या जागी एक तरुण आहे. तो तिच्या मागे जाऊन उभा राहिला. काही विचारलं नाही त्यानं. ती डोळ्यांवर हात धरून बराच वेळ बघत होती.

"लहान पोरांना आज पाण्यात सोडू नका," ती म्हणाली. "मोठ्यांना दहानंतर."

त्यानं मान हलवली आणि लहानांचा झेंडा काढून घडी करून बाजूला ठेवला. ती वर झेंड्याच्या काठीकडे बघत होती. म्हणाली, हा दोर विरलाय, बदलून घ्या. मग रिकामी पिशवी काखेत धरली आणि आम्ही सावलीच्या बाजूनं घरी आलो.