देव उजव्या अंगाला

त्या दिवसाचा धक्का मला अजून पचलेला नाही. हसावं की हात जोडावेत तेच कळत नाही, म्हणून एकदा सगळं लिहून काढतो. मी काही शिकलेला माणूस नाही. आठवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. आमच्याकडं रत्नागिरीच्या आतल्या अंगाला जांभ्याच्या चिरेखाणी आहेत, तिथं मी चिरे उचलायचो. आठवी पासवर फौजेत मेसच्या कामासाठी भरती निघाली, धावण्यात मी पुढं होतो, मला घेतलं आणि मी नगरच्या ट्रेनिंग सेंटरला येऊन पडलो. काम मेसचं असलं तरी आधी सगळ्यांसारखीच कवायत, पळणं, रायफल पार पाडावी लागते, हे मला इथं आल्यावर समजलं.

पहिल्या दिवशी केस गेले, आणि आरशात बघितलं तर मी मलाच ओळखीचा वाटेना. झाडं नाहीत, सगळीकडं उघडा माळ, आणि माणसं बोलतात ते ओरडूनच. रात्री पडल्या पडल्या वाटायचं, आपण चुकून कुणा दुसऱ्याच्या आयुष्यात घुसलोय. तरी पळण्याची मला भीती नव्हती. दगड उचललेल्या अंगाला ओझ्याचीही नव्हती. माझं घोडं अडलं ते एका शब्दावर.

कवायतीचे हुकूम हिंदीत. ‘दाहिने मुड़’ म्हणजे उजवीकडं वळ. एवढंच. पण कवायत शिकवणाऱ्या उस्तादांच्या तोंडून ‘दा’ निघाला की माझ्या कानात ‘डा’ पडायचा, आणि डा म्हणजे डावं. डोकं समजून घेईपर्यंत अंग वळून मोकळं झालेलं असायचं. सगळी रांग उजवीकडं आणि मी एकटा डावीकडं. मग माझ्या नाकासमोर माझ्या बडीचा चेहरा. बडी म्हणजे जोडीदार, इथं प्रत्येकाला एक जोडून देतात. माझा बडी याच जिल्ह्यातला, कर्जतकडचा शेतकऱ्याचा मुलगा. उस्ताद राजस्थानचे. ते माझ्याजवळ येऊन अगदी हळू आवाजात विचारायचे, “कोंकण, तेरा जहाज किधर जा रहा है?” त्या हळू आवाजाची मला जास्त भीती वाटायची, कारण त्यानंतर रगडा असायचा. आणि रगडा एकट्याला नसतो. एकानं चुकायचं आणि सगळ्या स्क्वाडनं मुरमावर कोलांट्या घ्यायच्या.

पोरं आधी हसली, मग चिडली, मग माझ्याशी बोलायची बंद झाली. बडीची कोपरं सोलून निघाली होती. तो एवढंच म्हणायचा, “आरं कोकन्या, रोज माजं थोबाड बगायला वळतो का काय तू?” त्यानं माझ्या तळहातांवर पेनानं ‘उ’ आणि ‘डा’ लिहून दिलं, ते घामानं पुसलं गेलं. उजव्या मुठीत खडा धरायला सांगितला, तर मूठ नीट मिटली नाही म्हणून वेगळी शिक्षा झाली. शेवटी मीच एक युक्ती काढली. अंग ज्या बाजूला जाऊ बघेल, त्याच्या बरोबर उलट वळायचं. कधी ते जमायचं, कधी दोनदा उलटं होऊन परत पहिल्यासारखंच चुकायचं. कवायतीच्या परीक्षेत मी नापास झालो. पुन्हा झालो. उस्तादांनी सांगितलं की आता एकच संधी आहे, त्यानंतर घरी. आई फोनवर विचारायची, सगळं बरं चाललंय ना, आणि मी हो म्हणायचो. गावात तिनं सगळ्यांना पेढे वाटले होते.

देवावरचा विश्वास उडाला असं म्हणणार नाही, पण त्याच्याकडं काय मागावं तेच कळेना. उजवं-डावं कळू दे, असा नवस कुणी बोलतं का?

परीक्षेच्या आधीच्या रविवारी आम्हाला बाहेर जायची परवानगी मिळाली. बडीबरोबरच जायचं आणि बडीबरोबरच परतायचं, असा नियम. आम्ही गावाबाहेरच्या रस्त्याला एका बहिरोबाच्या देवळाकडं गेलो. बडीला वाटलं, मला दर्शन घ्यायचंय. माझ्या मनात वेगळंच होतं. देवळासमोर एसटी थांबायची. बडी समोरच्या टपरीवर चहा घेत बसला की मागच्या बाजूनं निघून गाडीत बसायचं, पुण्याला उतरायचं आणि तिथून कोकणात. नापास म्हणून घालवून देण्याआधी आपणच गेलेलं बरं. एकटा परत गेलेल्या बडीचं काय होईल, हा विचार येत होता आणि मी तो ढकलून देत होतो.

जायच्या आधी देवाच्या पाया पडावं म्हणून मी देवळात शिरलो. नमस्कार केला, काही मागितलं नाही, आणि प्रदक्षिणेला निघालो. त्या दिवशी देवळात एक नवं जोडपं आलं होतं. मुंडावळ्या बांधलेला नवरा, त्याच्या उपरण्याला नवरीच्या शालूची गाठ, बरोबर घरच्या बायका. मी पुढं चाललो आणि ते दोघं माझ्या मागं चालू लागले. तेवढ्यात पाठीमागून एका बाईचा आवाज आला, नवऱ्याची आत्या असावी.

“आरं ये भाऊसाहेब, त्या मिल्ट्रीवाल्याच्या मागं उलटा कुटं निगालास?”

नवरा म्हणाला, “मला वाटलं मिल्ट्रीतला हाय, त्याला ठाव आसंल.”

नवरी पदर तोंडाला लावून हसली. आत्या त्यालाच रागवत होती, माझ्याकडं तिचं लक्षही नव्हतं. “देव उजव्या अंगाला ठिवायचा आसतो. ज्या हातानं जेवतो त्या हाताकडं देव. लगीन झालं तरी एवढं कळंना व्हय रं तुला?”

मी जागीच थिजलो. मान वळवून बघितलं. गाभारा माझ्या डाव्या हाताला होता. मी देवाला उलटी प्रदक्षिणा घालत होतो. आईच्या कडेवर होतो तेव्हापासून मी देवळं फिरलोय, आमच्या गावच्या देवळात तर डोळे मिटूनही फिरेन. तिथं कुणी मला उजवं-डावं शिकवलं नव्हतं, पाय आपोआप जायचे. आणि आज अंग बरोबर बाजूला जात असतानाच मी सवयीनं त्याला उलटं वळवलं होतं. वाटलं, आपल्यात काही शिल्लकच राहिलं नाही. आत्याला माझा चेहरा दिसला असावा, कारण तिचा आवाज एकदम उतरला. ती म्हणाली, “तू बी फीर रं बाळा. चुकलं तर चुकलं. पयल्यापासून फीर.”

मी पुन्हा देवासमोर येऊन उभा राहिलो आणि त्या जोडप्याच्या मागं चालू लागलो. गाभाऱ्याची भिंत उजव्या खांद्याला लागत होती, उन्हानं तापलेली. किती फेऱ्या झाल्या माहीत नाही, ती मंडळी निघून गेली तरी मी फिरतच होतो. कधीतरी एसटी आली आणि गेली, तिचा हॉर्न मी ऐकला. देवळातून बाहेर आलो तेव्हा बडी म्हणाला, “लई येळ लावला.” मी म्हटलं, रस्ता चुकलो होतो. तो बघतच राहिला, एवढ्याशा देवळात हा रस्ता कसा चुकला म्हणून.

परीक्षेची सकाळ आली. या वेळी मी काहीच आठवायचं नाही असं ठरवलं, ना पेनाचं अक्षर, ना उलट वळायची युक्ती. फक्त उजव्या खांद्याला ती तापलेली भिंत आहे असं समजून उभा राहिलो. हुकूम सुटला, ‘दाहिने मुड़’. मी वळलो नाही, वळवला गेलो असं म्हणेन. डोळ्यांसमोर पुढच्या पोराची मान होती, तिच्यावरून घामाचा ओघळ चालला होता. इतकी सुंदर मान मी जन्मात बघितली नव्हती. पुन्हा हुकूम, पुन्हा मान. उस्ताद माझ्यापाशी येऊन थांबले. आता तो हळू आवाज येणार म्हणून मी श्वास धरला. त्यांनी माझी टोपी बोटभर सरळ केली आणि पुढं गेले. मला रडू आलं ते तेव्हा, आणि सावधानमध्ये उभ्या माणसाला डोळे पुसता येत नाहीत.

याला चमत्कार म्हणा असं मी कुणाला सांगणार नाही. रागावणं दुसऱ्याला होतं, ते माझ्या कानावर पडलं, एवढंच झालं. पण मी पळून जायला निघालो असताना मला थांबवायचं, तर देवाला यापेक्षा वेगळं काय करता आलं असतं तेही मला सुचत नाही. इतके दिवस मी माझ्याच अंगाशी भांडत होतो. ते भांडण मी त्याच्या दारात टाकलं आणि त्यानं उचललं, असं मी मानतो.

मागाहून त्या मंडळींचा पुष्कळ शोध घेतला. पण त्या देवळात लग्नाची किती जोडपी येतात, आणि नगर जिल्ह्यात भाऊसाहेब किती असतील. म्हणून दर रविवारी आमच्या सेंटरमधल्या मंदिरात मी त्यांच्यासाठी गाऱ्हाणं घालतो. आमच्या कोकणात ती रीत आहे, एकानं देवाला मोठ्यानं सांगायचं आणि बाकीच्यांनी त्याला होकार द्यायचा. पहिल्यांदा मी एकटाच उभा राहून म्हणालो, बा देवा महाराजा, त्या लेकरांचा संसार सुखाचा होऊ दे, त्या आत्याला औक्ष दे. होकार द्यायला कुणी नव्हतं. मागं बडी उभा होता. त्याला आमची रीत काही माहीत नव्हती. तो आपला त्याच्या गावच्या बोलीत, सहज म्हणाला, “व्हय की.”

गाऱ्हाण्याला होकार देताना आमच्याकडं हाच शब्द म्हणतात, व्हय.