टर्बो थंड होईपर्यंत

बाबांना एकदा दम न लागता घाट चढायचा होता. आयुष्यात त्यांनी माझ्याकडे काही मागितलं असेल तर हेच, तेही भाजीत मीठ कमी आहे म्हणावं इतक्या सहज.

"तीस वर्सं जीप हाकली माये, पण सरळ श्वासानं ते घाट एकदा बी नाही चढली."

परतवाडा ते चिखलदरा काळी-पिवळी चालवायचे ते. नऊ सीटांच्या जीपमध्ये पंधरा माणसं, टपावर पोती, मागं दोघं लटकलेले. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्या शेजारी बसायची. पहिल्या वळणापासून जीप खोकायला लागायची आणि बाबा स्टेअरिंगवर पुढं झुकून तिला चुचकारायचे, "चाल व माय, चाल." मला वाटायचं, ते झुकतात म्हणूनच जीप चढते.

मागच्या उन्हाळ्यात त्यांचा काचबिंदू निघाला. अमरावतीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी कागदावर काळं वर्तुळ काढून दाखवलं. बाजूची नजर गेलीय, समोरची हळूहळू आवळत जाईल. "दिवसा, ओळखीच्या रस्त्यावर, कोणी शेजारी असताना चालवा थोडे दिवस. दिवाळीनंतर पुन्हा तपासू, पण तेव्हा बहुतेक स्टेअरिंग सोडावं लागेल. मनाची तयारी ठेवा." बाबांनी मान हलवली. बाहेर आल्यावर पार्किंगमध्ये त्यांनी ते घाटाचं म्हटलं.

आता माझ्याबद्दल. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि मला गाडीचं वेड आहे. लोक साडी घेतात, मी सेकंडहँड पेट्रोल टर्बो गाडी घेतली. गॅरेजमध्ये मला पाहून कोणी म्हटलंच, "मॅडम, तुमी इथं?" तर मी फाडकन म्हणते, "काहून, मले हात नाहीत?" पोरांना मी टर्बो भिंगरी घेऊन समजावते. इंजिनातून जो गरम धूर वाया जातो, तोच एक पंखा फिरवतो. त्याच दांडीवर दुसरा पंखा असतो, तो बाहेरची हवा इंजिनात कोंबतो. हवा जास्त, पेट्रोल जास्त, ताकद जास्त. वाया जाणाऱ्या श्वासावर गाडी पळते, हे मला अजूनही खरं वाटत नाही.

कंपनीचा टर्बो चहाच्या कपाएवढा होता. घाटाला मोठा हवा. अकोल्याला बाळापूर रोडवर एक उस्ताद आहेत, पांढऱ्या दाढीचे, कमी बोलणारे. नवा टर्बो त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. मी बोटानं पंखा फिरवला. तो आवाज न करता फिरत राहिला, फिरत राहिला, आणि मी भर मे महिन्यात त्या तापलेल्या पत्र्याखाली येडबंबूसारखी त्याच्याकडे पाहत उभी राहिली. इतकं सुंदर काही मी बरेच दिवस पाहिलं नव्हतं.

"ताई, एक गोठ ध्यानात ठेवजा," उस्ताद म्हणाले. "याची पाण्याची लाइन आपल्या गाडीले बसत नाही. हा फक्त तेलावर थंड होते. दाबून चालवली का मंग एक मिनिट इंजिन चालूच ठेवायचं. एकदम बंद केलं तर तेल थांबते, अन् पंखा आत लालबुंद फिरून राहिला असते. खल्लास."

मग चार रविवार ट्यूनिंग. सकाळी अकोल्याहून मूर्तिजापूरच्या दिशेनं जायचं, परत यायचं, पुन्हा जायचं. मी चालवायची, उस्ताद मांडीवर लॅपटॉप घेऊन शेजारी. तिसरा गिअर, पाय दाबायचा. स्क्रीनवर रेघ चढायची. पुढं डांबरावर ऊन पाण्यासारखं हलायचं आणि आम्ही त्या पाण्यात शिरतोय शिरतोय म्हणेस्तोवर ते आणखी पुढं सरकलेलं. मग बॉनेटखालून शिट्टी यायची. आधी बारीक, मग भरत जाणारी. दूर कोणीतरी आपल्याला हाक मारतंय आणि आपण झोपेत ऐकतोय, अशी. इंजिनात जरा टिकटिक झाली की उस्ताद डोळे मिटून म्हणायचे, "नाही. पेट्रोल लवकर पेटून राहिलं," आणि दोन आकडे मागं घ्यायचे. चौथ्या रविवारी त्यांनी डोळे मिटले ते उघडलेच नाहीत. मला वाटलं, झोपले का काय! "हां," ते म्हणाले, "आता गाते."

खरी भीती मला बाबांची होती. तीस वर्षं डिझेल वाचवायचं म्हणून उतार लागला की चावी मागं, गिअर न्यूट्रल, गाडी आपोआप घरंगळत स्टँडवर. ड्रायव्हर लोकांची ती शानच होती. आमच्या गल्लीतही ते कोपऱ्यावर इंजिन बंद करून गेटपर्यंत घरंगळत यायचे. मी डोकं फोडून घेतलं. "बाबा, ही जीप नाही! एक मिनिट! एक!" ते "हो व, हो" म्हणायचे. शेवटी मी लाल पेननं कागदावर "१ मिनिट" लिहिलं आणि डॅशबोर्डवर डाव्या बाजूला चिकटवलं. डाव्या बाजूला. त्यांना तिकडचं दिसतच नव्हतं. हे मला, फिजिक्सच्या मास्तरणीला, फार उशिरा कळलं.

दसऱ्यानंतरच्या एका सकाळी आम्ही निघालो, स्टेअरिंगवर बाबा, शेजारी मी. परतवाड्याला चहा घेतला. जुन्या स्टँडवरचा एक म्हातारा बाबांना म्हणाला, "जयभीम भाऊ, काय गाडी होय!" बाबांनी नवरदेवासारखी मान ताठ केली. पुढं सागवानात धुकं होतं. पहिलं वळण आलं तसे बाबा सवयीनं पुढं झुकले, पाय दाबला, आणि शिट्टी आली.

गाडी चढली. खोकली नाही, थांबली नाही, मागितलंच नाही तिनं काही. वळणामागून वळण झाडं खाली जात राहिली. बाबा सावकाश मागं टेकले. इतक्या वर्षांत घाटात त्यांची पाठ सीटला टेकलेली मी पहिल्यांदा पाहिली.

"अरे बाप्पा," ते म्हणाले. "अरे बाप्पा, माये!"

शेवटची चढण त्यांनी पूर्ण दाबून काढली. माथ्यावर रस्ता सपाट होतो आणि मग जुन्या जीप स्टँडकडे हलका उतार आहे. तिथं त्यांचा हात चावीकडे गेला. एक खटका. इंजिन बंद.

मी तोंड उघडलं होतं. "बाबा" दातांपर्यंत आलं होतं. मग मी त्यांच्याकडे पाहिलं. ते हसत होते. डोळे समोर, त्या उरलेल्या गोल तुकड्यात, आणि तोंडभर हसू, पोरासारखं. गाडी घरंगळत होती. चाकांखालची खडी, पानांवरून पडणारे थेंब, कुठंतरी गाईची घंटी, सगळं ऐकू येत होतं. बॉनेटखाली तेल थांबलं होतं आणि लाल पंखा कोरडा फिरत होता, हे मला माहीत होतं. मी हँडब्रेकवर हात ठेवला आणि तोंड मिटलं. आजही मला त्याचा पस्तावा नाही.

परतताना मी चालवली. शिट्टी नव्हती, खरखर होती. आरशात निळा धूर दिसत होता. दुसऱ्या दिवशी अकोल्याला उस्तादांनी टर्बो उघडला. दांडी बोटानं हलत होती.

"गरम असताना बंद कोणं केली?"

बाबा बाहेर स्टुलावर बसले होते.

"मी," मी म्हटलं.

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाहेर पाहिलं, आणि हात पुसायला फडकं शोधू लागले.

गाडी तिथंच सोडून आम्ही बसनं घरी निघालो. बोरगाव मंजू गेल्यावर बाबा माझ्याकडे वळले.

"खोटं काहून बोलली?"

मी तिकिटाची घडी घालत राहिली.

"माथ्यावर तुले मालूम होतं. मंग मले थांबवलं काहून नाही?"

"तुमी हसून राहिले होते," मी म्हटलं. त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं आणि मूर्तिजापूर गेलं तरी इकडे फिरवलं नाही.

दिवाळीनंतर डॉक्टरांनी स्टेअरिंग बंद केलं. गाडीत पुन्हा कंपनीचा जुना टर्बो बसला. त्याला पाण्याची लाइन आहे, गल्लीच्या चालीनं आलं तर त्याला मिनिटबिनिट काही लागत नाही. हे मी बाबांना सांगितलं, दोनदा. पण कॉलेजातून मी कोपऱ्यावर आली की ते आवाज ओळखून भिंतीच्या आधारानं गेटपर्यंत येतात, बॉनेटवर तळहात ठेवतात आणि मोठ्यानं मोजायला लागतात, पूर्वी सीटा मोजायचे तसे. एक, दोन, तीन.

साठ झाले की म्हणतात, "कर आता बंद."

कधी कधी पन्नाशीपाशी ते अडखळतात आणि पुन्हा चाळीसपासून सुरू करतात. मी चावीला हात लावत नाही.