वयनीच्या हातून गेलेला आवाज

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज सांगतोय ते धीर आला म्हणून नव्हे – गप्प राहणं जमेनासं झालंय, एवढंच.

आमचं घर रेवदंड्याच्या कोळीवाड्यात. दादा बोटीवर जायचा. मी शिकलो, नवी मुंबईतल्या एका कंपनीचे सर्व्हर सांभाळतो, तेही बहुतेक घरी बसूनच. माळ्यावर मी तीन जुने कॉम्प्युटर एकमेकांना जोडून स्वतःचा क्लस्टर उभा केला होता. त्यावर घरच्यांसाठी एक अ‍ॅप – सगळ्यांचे फोटो, व्हिडिओ, आवाज तिथे साठायचे. आपलं आपल्या घरात असावं, परक्याच्या भरवशावर कशाला, असं मी सगळ्यांना सांगायचो. किती ऐट होती मला.

दादा काविळीने गेला. धडधाकट माणूस, आवाजही तसाच मोठा. त्याला टाइप करायचा कंटाळा. बोट खाडीत शिरली, फोनला रेंज आली, की वयनीला बोलून निरोप पाठवायचा. कधी म्हावरं किती मिळालं ते, कधी भांडण, कधी नुसतंच गाणं. तो गेल्यावर वयनी मासळी सुकत घालताना फोन शेजारी ठेवून तेच ऐकत बसायची. पुढे फोन भरला, अडकायला लागला. मी तिचे सगळे निरोप अ‍ॅपवर चढवले आणि म्हणालो, "आता फोनमधले काढून टाक, वयनी. माझ्याकडून कुठे जात नाहीत." तिने काढले. माझ्या शब्दावर काढले.

मग एका रविवारी सकाळी मी त्या अ‍ॅपची नवी आवृत्ती चढवायला बसलो. मधल्या आवृत्त्या एकेक करून चढवा, थेट उडी मारू नका, असं सूचनांत लिहिलं होतं – मी त्या नंतर वाचल्या. नव्या आवृत्तीला जुना डेटा उघडेना. अ‍ॅप सुरू व्हायचं, बंद पडायचं, पुन्हा सुरू व्हायचं. शेवटी चिडून मी सगळंच पुसून नव्याने मांडायला घेतलं. बॅकअप आहे की, काय बिघडतंय? पुसताना डेटाही गेला. अ‍ॅप काढलं की आतलं साठवलेलंही पुसलं जावं, असं सेटिंग मीच ठेवलं होतं. बॅकअप उघडला तर त्यात दादाचा एकही निरोप नव्हता. ते निरोप चढवण्याआधीच मी पासवर्ड बदलला होता, तेव्हापासून बॅकअप घेतलाच जात नव्हता. तसे इशारे यायचे. कटकट नको म्हणून तेही मीच बंद केले होते.

दुपारी वयनी फोन घेऊन आली. "भावजी, त्यांचा आवाज लागत न्हाय."

इथवर ती चूक होती – नाही का? पुढचं मात्र मी समजून केलं. तिचा फोन हातात घेतला, उगाच इकडेतिकडे बोट फिरवलं आणि विचारलं, "तू काही दाबलंस का?"

"न्हाय. मी निसती आयकते."

"पुसलं गेलंय सगळं. चुकून दाबलं असशील."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग स्वतःच्या हातांकडे. "आसंल," म्हणाली. "हात वलं व्हतं. लागलं आसंल."

नाही वयनी, मी केलं – एवढंच म्हणायचं होतं. का नाही म्हणालो? घरातला हुशार मुलगा होतो म्हणून? ती दारातून बाहेर पडेपर्यंत वेळ होता. तिने फोन पदराने पुसला आणि गेली.

पुढे पुतणीचं लग्न ठरलं. हळदीच्या दिवशी तिने आईकडे बाबांचा आवाज मागितला, एखादाच निरोप, मांडवात लावायला. तोवर वयनीने लेकीला काही सांगितलंच नव्हतं. तिने सगळ्यांदेखत लेकीपुढे हात जोडले. "माज्या हातून गेला गो तुज्या बापाचा आवाज. मला माफ कर." पोरगी दिवसभर आईशी बोलली नाही. मी तिथेच उभा होतो. नंतर पंगतीत वाढलंसुद्धा.

आता पुतणी म्हसळ्याला असते. अलीकडे तिने आईला नवा फोन पाठवला. वयनी तो खोक्यासकट घेऊन माझ्याकडे आली. "तुमीच चालू करून द्या, भावजी. माज्या हाताचा भरवसा न्हाय."

मी करून दिला. लेकीचा नंबर घालून दिला, आवाज मोठा करून दिला. ती खूश झाली. जाताना तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मी मान खाली घालून तो फिरवू दिला.