अलफियाचा बहिरा डबा

अलफिया मुकादम तोंडाने फटकळ, हे नाटे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. लग्न ठरताना होणाऱ्या सासूने विचारलं, पोरीला स्वयंपाक येतो ना. तर आतल्या खोलीतून उत्तर आलं होतं, येतो, पण खाणाऱ्याला चव कळत असेल तर. नवरा मालवाहू जहाजावर, वर्षातले बरेच महिने बाहेर. बायकोच्या जिभेला भिऊनच तो समुद्रावर पळतो, असं गावात बोलत. हे कानावर आल्यावर ती म्हणाली, समुद्र काय कमी बडबडतो?

ती इंजिनिअर होती. पुण्यात एका कंपनीत ती दुतर्फी डिजिटल वायरलेस संच बनवायची. तिथे एकदा फर्मान निघालं, संच स्वस्त करा. तिचे साहेब स्वरूप देवस्थळी यांनी त्यावर बैठकांमागून बैठका घेतल्या. सहा स्क्रू होते तिथे चार आले, डब्याचं प्लास्टिक पातळ झालं, माहितीपुस्तकाचा कागद भिकार झाला. आतल्या पसाऱ्याला मात्र कोणी हात लावेना. आत बोलण्याचं यंत्र वेगळं, ऐकण्याचं वेगळं, आणि एकाच्या आवाजाने दुसऱ्याचे कान फुटू नयेत म्हणून मध्ये एक महागडा भाग बसवलेला. अलफियाने सांगितलं, एकच यंत्र ठेवा. ते क्षणभर बोलेल, क्षणभर ऐकेल. आवाजाचे तुकडे करूनच पाठवतो आपण. ही अदलाबदल इतकी झटपट होते की माणसाच्या कानाला पत्ता लागत नाही. निम्मं सामान गळेल.

साहेब म्हणाले, गिऱ्हाइकाने डबा उघडला तर आत भरगच्च दिसायला हवं.

"मग नारळाचा काथ्या भरू या," अलफिया म्हणाली. "भरगच्च दिसेल आणि स्वस्तही पडेल."

त्यानंतर त्या कंपनीत तिचे फार दिवस राहिले नाहीत.

ती नाट्याला परतली, आणि वर्षभराने देवस्थळी साहेब तोच संच घेऊन तिच्याच गावच्या जेटीवर उभे राहिले. गावातल्या लहान होड्या आंबोळगडाचं टोक ओलांडून पुढे गेल्या की मोबाईलची रेंज संपते. इंजिन बंद पडलं तर शर्ट काढून हवेत हलवत बसायचं. म्हणून मच्छीमार सोसायटीचे चेअरमन लवू आडविरकर यांनी कंपनीला बोलावलं होतं. संचाला आता रंगीत स्क्रीन होता. त्यावर नकाशा दिसे, हवामान दिसे, सुरू करताना कसलीशी धूनही वाजे. किंमत अशी, की लहान होडीवाल्याने आधी होडी विकावी आणि मग संच घ्यावा. मोठ्या ट्रॉलरवाल्यांनी घेतले, पण त्यांच्याकडे वायरलेस आधीपासून होताच. लवूशेठनी मात्र हार घालून फोटो काढून घेतले. अलफिया मागच्या बाकावरून म्हणाली, बुडताना धून ऐकायची सोय झाली, हे बरं झालं.

मग ती घरच्या माडीवर कामाला बसली. तिने आपलं ते एकच यंत्र बनवलं. स्क्रीन काढला, नकाशा काढला, धून तर काढलीच. राहिलं एक बटण आणि एक दिवा. सगळं नळाच्या पाइपच्या तुकड्यात घालून दोन्ही तोंडं बंद केली, म्हणजे खारं पाणी आत जायला नको. काही काढून टाकलं की तिला आनंदाच्या उकळ्या फुटत. प्रत्येक भागात तिला देवस्थळींचं तोंड दिसे. संचाच्या तोंडाशी एक चाळणी असते. आपल्या लहरी तेवढ्या आत घेते, परक्या बाहेर थोपवते. तीही तिने काढली. समुद्रात कोण परकं बोलायला बसलंय, मासे?

लवूशेठनी तो तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, बाय, ही बॅटरी म्हणायची की पिचकारी? जेटीवर हशा पिकला. ती म्हणाली, शेठ, याच्यासमोर फोटो काढायला जागा नाही, एवढीच तुमची अडचण आहे.

पहिला संच शेजारच्या साकिब सोलकरने घेतला. दुसरा जेटीवर, बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीला लावला. पंधरवडाभर झकास चाललं. साकिब आंबोळगडापलीकडून बोले आणि जेटीवरच्या बायकांना बांगडा किती मिळाला ते होडी लागण्याआधीच कळे. अलफिया जेटीवरून अशी चाले, जणू समुद्र तिनेच भरला होता.

त्याच सुमारास गावावरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, मोबाईलचा नवा टॉवर सुरू झाला. त्याचा जेटीशी संबंध असेल, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. अलफियाच्याही नाही.

आणि एका दुपारी साकिबचं इंजिन बंद पडलं. तो बटण दाबून बोलत राहिला. जेटीवरच्या संचाला चाळणी नव्हती, त्याच्या कानात टॉवर ओरडत होता. त्याला साकिबचं एक अक्षर ऐकू आलं नाही. होडी प्रवाहाबरोबर खोल पाण्यात गेली. संध्याकाळी परतणाऱ्या एका ट्रॉलरच्या नजरेला ती पडली, म्हणून साकिब ओढत आणलेल्या होडीतून का होईना, घरी पोचला.

अलफिया जेटीवरच होती. तो तिच्यावर ओरडला असता तर तिने उलट उत्तर दिलं असतं. तो ओरडला नाही.

"आपा, मी बोलत होतो," तो म्हणाला. "तुमचा डबा बहिरा होता."

त्याने पाइप तिच्या हातात दिला आणि तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी देवस्थळींचा फोन आला. बातमी त्यांना कोणी दिली, हे विचारायची गरज नव्हती. फार गोड आवाजात ते म्हणाले, म्हणूनच आम्ही आतलं काही काढत नाही. फोन ठेवल्यावर अलफिया स्वतःवरच हसली, आणि ते हसू तिने आजवर दुसऱ्या कुणालाही दिलं नव्हतं इतकं कडू होतं. कुठला भाग कशाला आहे हे न बघता त्या माणसाने सगळं ठेवलं, आणि तिने काढलं. दोघांची अक्कल एकाच दुकानातली.

तिने चाळणी परत बसवली. पैसे वाढले, तर बाहेरचा चकचकीत दिवा काढून साधा लावला. या वेळी संच टॉवरच्या पायथ्याशी नेऊन, सड्यावरच्या कातळावर उन्हात बसून तिने तो तपासला. नंतर गावातल्या एकेका होडीवाल्याला ती स्वतः सांगत गेली की चूक तिची होती. लवूशेठनी ते ऐकून घ्यायला मुद्दाम वेळ लावला.

साकिब संच घ्यायला तयार नव्हता. शेवटी त्याची बायको मरियम आली. ती सरळ माडीवर चढली आणि म्हणाली, द्या, मी त्याच्या होडीत ठेवते. पण काठावरचा दुसरा संच कारखान्याच्या भिंतीला नको, माझ्या स्वयंपाकघरात हवा.

"तिथे कशाला?" अलफियाने विचारलं.

"भिंत काय ऐकणार? मी ऐकेन."

अलफियाने दिला. आता नाट्याच्या बऱ्याच होड्यांवर तो पाइप आहे आणि दुसरं टोक कुणाच्या ना कुणाच्या चुलीपाशी. त्यावरून चालतं काय, तर येताना कोथिंबीर आण आणि तुझ्या आईला सांग मी जेवून येत नाही. एवढी विद्या यासाठी खर्च झाली, असं अलफिया नाक मुरडून म्हणते. लवूशेठ बाहेरच्या पाहुण्यांना सांगतात की कल्पना मुळात सोसायटीची. ती ते ऐकते आणि त्यांना एकदाच आपादमस्तक न्याहाळते. शेठ मग विषय बदलतात.