म्हैस व्हाळापलीकडे

बुवा भेटले की आधी कान धरीत. रागाने नव्हे. अंगठा आणि पहिले बोट कानाच्या मुळाशी लावायचे, क्षणभर थांबायचे आणि सांगायचे, "थंड आसा. बरो आसस." जनावराचा ताप असाच पाहतात. दिवसभर गुरांत वावरणाऱ्या या माणसाने माणसांसाठी वेगळी पद्धत काढली नव्हती, इतकेच.

एकदा नवे मामलेदार गावात आले. देवळाच्या पायरीवर ओळख करून देत असतानाच बुवांचा हात सवयीने त्यांच्या कानाकडे गेला. मामलेदार मागे सरकले. बुवा कचेरीतल्या मराठीत म्हणाले, "माफ करा, साहेब. आमच्याकडे तोंडाने सांगणारे कमी असतात." मामलेदार हसले नाहीत. बाकी सगळे हसले.

मी तेव्हा एका साप्ताहिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवत असे आणि बुवांचे घर माझ्या घरापासून दोन कुंपणे सोडून होते. पन्नास-साठच्या दशकांत मालवणच्या किनाऱ्यावर राहिलेल्यांनी असा एखादा माणूस पाहिला असेल, जो एकाच दिवसात तीन माणसांची कामे करतो आणि ती वेगवेगळी आहेत हे त्याच्या गावीही नसते. बुवांचा गोठा गावात सर्वांत मोठा. दुभत्या म्हशी, थोड्या गाई, नांगराचे बैल. पहाटे दूध काढायचे, बाजारात पोचवायचे, गुरे सड्यावर, वरच्या कातळमाळावर, चरायला न्यायची, संध्याकाळी परत आणून पुन्हा दूध काढायचे. एकादशीला देवळात प्रवचन. त्यासाठी मसुऱ्यापर्यंतची गावे त्यांना बोलावीत, पण संध्याकाळच्या दुधाला परतता येईल एवढ्या अंतरावरच ते जात.

आणि चार मुली. त्यांच्या वेण्या सकाळी बुवाच घालीत, कारण त्या वेळी त्यांची बायको शेण काढून वैरण घालत असे. दावे वळणाऱ्या हातांनीच वेण्या घातल्या जात. त्या इतक्या घट्ट असत की शाळेत त्या चौघींच्या भुवया दिवसभर वर चढलेल्या दिसत. एका मास्तरांनी धाकटीला विचारले होते, एवढे आश्चर्य कसले वाटते?

बुवांचे प्रवचन पुस्तकी मराठीत सुरू होई आणि मध्यावर मालवणीत उतरे. दाखले सगळे गोठ्यातले. माया म्हणजे लाथाळ म्हैस, दूध देते, पण तिच्या मागे उभे राहू नये. अहंकार म्हणजे गोचीड, रक्त पिऊन फुगतो आणि आपण वाढलो असे समजतो. बायका हसत, म्हातारे माना हलवीत. दूध काढायची वेळ झाली की बुवा वाक्य पुरे करीत आणि उठत. "एवढांच. जनावरां वाट बघतत." त्यांचे प्रवचन कधी लांबले नाही, आणि लोक त्यांना मानत त्याला हेही एक कारण होते.

या मानाचा एकदा कस लागला. तो प्रसंग गावपळणीचा.

आमच्याकडच्या काही गावांत ही प्रथा आहे. दर काही वर्षांनी ग्रामदेवतेचा कौल घेऊन सगळा गाव तीन दिवस वेशीबाहेर जातो. घरे बंद होतात. माणसे, गुरे, कुत्री, कोंबड्या, कोणी मागे राहत नाही. हिंदू जातात, मुसलमान जातात. वेशीपलीकडे माडाच्या विणलेल्या झापांच्या खोपी उभ्या राहतात, चुली पेटतात, आणि मागे रिकामा गाव देवाच्या ताब्यात असतो. आमची वेस म्हणजे एक व्हाळ, पावसाळा सोडला तर घोट्याएवढ्या पाण्याचा ओढा.

त्या वर्षी कौल मिळाला आणि आदल्या एकादशीला बुवांनी प्रवचनात नियम समजावून सांगितला. बायकांत देवळाशेजारची एक विधवा म्हातारी बसली होती. तिला मूलबाळ नव्हते. चार कोंबड्यांवर तिचा संसार. तिने विचारले, "बुवानू, माझी कोंबी अंड्यार बसली हा. तिका ठेवलंय तर?"

बुवा म्हणाले, "कोंबी पण हलतली. आज एका कोंबीक सूट दिली तर उद्या कोणाकोणाक देतलंव?"

लोक हसले. 

निघायच्या दिवशी सकाळी ढोल वाजला आणि बुवांची सर्वांत चांगली म्हैस गोठ्यात बसली ती उठेना. भरल्या दिवसांची गाभण. मागचे पाय जणू तिचे नव्हतेच. बुवांनी शेक दिला, गूळ चारला, पोटाखालून दोर घालून उचलायचा प्रयत्न केला. म्हैस अर्धी उठे आणि पुन्हा बसे. दुपार झाली. वाड्या रिकाम्या होत होत्या. बुवांची बायको मुलींना आणि बाकीच्या गुरांना व्हाळापलीकडे सोडून परत आली, नवऱ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "प्रवचन सांगूक सोपां. म्हस उचलूक माणसां लागतत."

बातमी पसरली. गावाचे मुख्य मानकरी चार जणांना घेऊन गोठ्यात आले. सूर्य मावळायच्या आत गाव रिकामा व्हायला हवा होता. म्हैस ओढली तर मरेल, हे सगळ्यांना दिसत होते. सोडून जावे तर नियम मोडतो. मानकऱ्यांनी तोड काढली.

"बुवानू, मी देवाक गाऱ्हाणां घालतंय. म्हस गाभण, तीय बसलेली. देव समजात."

जमलेल्या माणसांचे चेहरे सैल पडले. कोणाला बुवांची म्हैस मारायची नव्हती. तेवढ्यात मागून म्हातारी पुढे आली. तिच्या कमरेवर टोपली होती, टोपलीत अंडी आणि पाय बांधलेली कोंबडी.

"द्या, सूट द्या," ती म्हणाली. "माझी कोंबी ल्हान, म्हणान हलली. म्हस मोठी, ती रवांदे."

या वेळी कोणी हसले नाही. बुवांनी म्हशीच्या पाठीवरचा हात काढला. मग त्यांनी कोपऱ्यातल्या मडक्यातल्या पाण्याने हात धुतले.

"सूट नको," ते म्हणाले. "दार काढा."

बायकोने विचारले, कसले दार. बुवा म्हणाले, पुढचे.

घराचे पुढचे दार फणसाच्या लाकडाचे, जुने, रुंद होते. ते बिजागऱ्यांवरून उतरवून त्यावर पेंढा पसरला. म्हशीला दोरांनी कलती करून दारावर घेतली, तेव्हा तिच्या लाथेने मानकऱ्यांचे धोतर फाटले. पण दार ओढायचे कसे? जमीन खडबडीत आणि व्हाळ पाऊण मैल दूर.

बंदरावरचे होडीवाले चाचा तोवर आपले बिऱ्हाड पलीकडे पोचवून आले होते. त्यांनी दार पाहिले, म्हैस पाहिली, आणि आपल्या माणसांना होडीखाली घालायचे ओंडके आणायला पिटाळले. होड्या किनाऱ्यावर चढवताना तेल लावलेले हे ओंडके आडवे टाकतात आणि मागचा ओंडका उचलून पुन्हा पुढे नेतात.

"होडी ओढतंव तशी ओढूया," चाचा म्हणाले. "फक्त ही होडी लाथ मारता."

दोराला मीही होतो. एकाने हाक द्यायची, सगळ्यांनी एकदम ओढायचे, अशी ती रीत. बुवांना ती जमेना. ते हाकेच्या आधीच ओढत आणि दार तिरके होई. दोनदा असे झाल्यावर चाचांनी त्यांच्या हातून दोर काढून घेतला. "बुवानू, तुमी फुडे जावा, तिच्याशी बोला. ओढूचां काम आमचां."

म्हणून प्रवचनकार म्हशीच्या तोंडासमोर उलटे चालत निघाले. मी दोराच्या पुढच्या टोकाला असल्याने त्यांचे बोलणे मला ऐकू येत होते. त्यात देवाचे नाव नव्हते, दाखला नव्हता. "वायच रव गो. व्हाळ इलो." व्हाळ अजून लांब होता. ते तेच म्हणत राहिले. बांधाच्या चढावर दार अडकले तेव्हा मानकऱ्यांनीही दोर धरला, फाटक्या धोतरासकट.

सूर्य टेकण्यापूर्वी म्हैस व्हाळापलीकडे होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती व्याली. पारडी झाली, धडधाकट. म्हैस मात्र उठली नाही. गावात परतायच्या आदल्या दुपारी ती मेली. बुवांच्या घरचे निम्मे दूध तिचे होते. त्यांची बायको तिच्याजवळ बसून रडली. बुवा खड्डा खणत होते.

तोवर म्हातारीच्या कोंबडीने हलवलेल्या अंड्यांवर बसणे सोडले होते. अंडी फुकट गेली. हे बुवांना तिथे खोपींत कळले. त्या संध्याकाळी प्रवचनाला ते बसले तेव्हा लोकांना वाटले, आज काही मोठे सांगतील.

"गेल्या एकादशीक मी म्हटलंय, कोंबी हलतली," ते म्हणाले. "म्हटलंय, आणि घराक जावन जेवलंय. ज्याका चलूक येना, त्याका हल म्हणान सांगूचां नाय. जावन उचलूचां. एवढांच. जनावरां वाट बघतत."

त्यांचे सर्वांत लहान प्रवचन तेच. ते संपल्यावर म्हातारी पारडीजवळ गेली. बुवांच्या बायकोला म्हणाली, "माझ्याकडे द्या. माझी टोपली रिकामीच आसा." आईवेगळ्या पारडीला तिने बोटाने दूध चाटवून वाढवले. पारडी पुढे बुवांच्या गोठ्यात परत आली, पण हाक मारली की देवळाकडे पळे.

साप्ताहिकाला मी चार ओळींची बातमी पाठवली. गावपळण शांततेत पार पडली, असे तिच्यात होते. म्हशीचा उल्लेख नव्हता.

बुवांच्या दृष्टीने मात्र काहीच पार पडले नव्हते. त्यांनी मानकऱ्यांपुढे मागणी ठेवली की, यापुढे ज्यांना चालता येत नाही त्यांना, माणूस असो की जनावर, गाडीतून आदल्या दिवशी पलीकडे न्यावे. मानकरी तयार नव्हते. ढोल वाजण्याआधी कोणी हलायचे नाही, असा रिवाज होता. बुवांनी कौल मागितला. देवाला लावलेली फुले डावीकडे पडली, म्हणजे नकार. वर्षभराने बुवांनी पुन्हा मागितला. मानकरी चिडले. देवाचे उत्तर एकदा मिळाले आहे, असे म्हणाले. बुवांनी शांतपणे सांगितले की, त्या दिवशी देव घाईत असेल. दुसऱ्या खेपेलाही फुले डावीकडेच पडली. तिसऱ्या वर्षी उजवीकडे पडली. त्या तीन वर्षांत एकही एकादशी अशी गेली नाही, की बुवांनी हा विषय काढला नाही.

पुढच्या गावपळणीला आदल्या दिवशी दोन बैलगाड्या निघाल्या. बुवा दारोदार जाऊन विचारत होते, आणि ज्या घरात कोणी लाजून नाही म्हणे तिथे आत जाऊन पाहत होते. एका आजोबांना त्यांनी पाठुंगळीला घेऊन गाडीत आणले. आजोबा वाटभर शिव्या देत होते.

साठच्या दशकाच्या मध्यावर, एका पावसाळ्यात, छातीच्या दुखण्याने बुवा गेले. मधल्या दोन मुलींनी आईबरोबर गोठा चालवला. एकादशीची प्रवचने बंद पडली. मसुऱ्याहून एक जण येऊन सांगून गेले, पण त्यांचे प्रवचन फार लांबे.

त्यानंतरच्या गावपळणीला मी गावात होतो. आदल्या दिवशी गाड्या निघाल्या. कोणी आठवण करून द्यावी लागली नाही. बुवांच्या बायकोचे गुडघे तोवर गेले होते. मुलींनी तिला काठीच्या आधाराने रस्त्यावर आणले, पण गाडीत बसायला ती तयार होईना. उद्या ढोल वाजला की आपण सगळ्यांबरोबर चालत जाऊ, असे ती सांगत होती. गाडीवाला खोळंबला. मुली समजावून थकल्या.

गाडीत आधीच बसलेली म्हातारी, कोंबडीवाली, आता पार वाकलेली, हे सगळे ऐकत होती. शेवटी तिने तोंड बाहेर काढले.

"बस गो," ती म्हणाली. "तुझ्या घोवान म्हस न्हेली. तू काय तिच्यापेक्षा जड?"

 बुवांच्या बायकोने काठी मुलीच्या हातात दिली आणि गाडीत चढली. म्हातारीने आपल्या मांडीवरची गोधडी तिच्या गुडघ्यांवर ओढली, आणि गाडी व्हाळाकडे निघाली.